माळवद, पत्रा आणि दीडची वायर

वास पहिल्यांदा आईला आला. आमच्या घरात कुठलाही वास पहिल्यांदा तिलाच येतो. दूध करपायच्या आधी ती देवघरातून ओरडते. मे महिन्यातला शनिवार, दुपारचे तीन. ऊन असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीला पोट लावून पडलेली. वरच्या पत्र्याच्या खोलीत एसी चालू होता, त्यामुळे सगळं घर तिथंच गोळा झालेलं. आणि आई म्हणाली, "कुठनं तर मासळीचा वास यायलाय बघ."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मासळीचा वास हिला ठाऊक कसा, हाच पहिला प्रश्न पडला. "बाजारावरून जाताना नाक मिटून घेत नव्हते की रे," ती म्हणाली. मी दोनदा हुंगलं, मला काहीच आलं नाही. शेजारी काहीतरी शिजत असेल, असं म्हणून पेपर उघडला. शेजारचे तर आमच्याहून कडक, कांदा-लसूणही वर्ज्य असलेले, हे त्या वेळी सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पंख्याच्या कडीपासून वीतभर अंतरावर, पांढऱ्या सिलिंगवर, बशीएवढा तपकिरी डाग दिसला. वरून चहा सांडावा तसा. पावसाचं नाव नाही, वर टाकी नाही. उंदीर मुतला असेल, असा मी निष्कर्ष काढला. मी शाळेत गणित शिकवतो. उत्तर आधी ठरवून मग पायऱ्या लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी वर्षानुवर्षं कापत आलोय, हे इथं कबूल करून टाकतो.

डाग कसा पडला, हे सांगायला मला आजोबांच्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

आजोबांचं घर साखर पेठेत, माळवदाचं. सोलापुरात ज्यांचं लहानपण माळवदाखाली गेलं त्यांना हे सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. जाड सागवानी तुळया, त्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर पांढरी माती, चोपून चोपून बसवलेली. बाहेर ४३ अंश असले तरी दुपारी दोनला आत फरशीवर उघड्या अंगानं झोपता यायचं. ऊन दिवसभर मातीच्या वरच्या अंगाला धडका देत राही आणि त्याची धग तुळयांपर्यंत उतरायला रात्र व्हायची. तोवर आम्ही अंथरुणं घेऊन त्याच माळवदावर चढलेलो असायचो. मृग लागायच्या आधी वर नवी माती पसरायची, भेगा बुजवायच्या. तरीही एखाद्या पावसात नेमकं पाटावर टपटप सुरू व्हायचं. विंचूही पडायचे. माळवदाचे गोडवे गाणारे लोक विंचवांचं बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो.

त्या घरातली लाइटीची वायर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तुळईच्या अंगाला लाकडी पट्टी, पट्टीवर पत्र्याच्या चिमुकल्या क्लिपा आणि त्यात बसवलेली वायर, धुळीनं आणि चुलीच्या धुरानं काळी झालेली. दिसायला अगदी ओंगळ. पाहुणे यायचे म्हटलं की आत्या तिच्यावरची जाळी काढायची. पण ती वायर सगळीकडे उघडी, खोलीच्या हवेत होती. डोक्यावर एवढा मातीचा थर, आणि वायर मात्र त्या थराच्या बाहेर. कुणी फार विचार करून तसं केलं असेल असं नाही. मातीत वायर पुरायची सोयच नव्हती, एवढंच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरही हललं. तुळया करकरल्या, माती भुरभुर अंगावर पडली आणि आम्ही सगळे गल्लीत. पुढच्या काही दिवसांत पेपरात फोटो येत गेले. दगडमातीच्या भिंती, त्यावरची जड माती, आणि त्याखाली झोपलेली माणसं. ते फोटो पाहिल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डोक्यावरच्या मातीखाली झोप लागेना. वर्षभरात माळवद उतरवलं. खाली स्लॅब पडला, वर पैसे संपले म्हणून पत्रे. गाडीगाडीनं पांढरी माती बाहेर गेली तेव्हा आजी ओट्यावर बसून खेपा मोजत होती.

पत्र्याखालचा सोलापूरचा उन्हाळा हा काय प्रकार असतो, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याला बोट लावून दाखवा, एवढंच म्हणेन. ऊन थेट पडत असेल तर पत्रा साठीच्या पुढे सहज जातो. आम्ही सगळे उपाय केले. वरून चुना मारला. त्यानं खरंच फरक पडला, पण पहिल्या पावसात चुना पन्हळीतून अंगणात आला. गोणपाट टाकून पाणी मारलं. पण ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं पत्र्याला पाणी पाजायला मन धजत नाही. मग पत्र्याच्या आतल्या बाजूनं थर्माकोलचे तक्ते चिकटवले. त्याच्या हातभर खाली सिलिंग केलं. अण्णांची ती खोली आता 'हॉलसारखी' दिसू लागली. वायर त्या पोकळीत गेली. छान झालं, आता दिसत नाही, असं सगळेच म्हणाले.

आणि मग माझा मेव्हणा आला.

तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात आहे. यंत्रमागावर किती सूत वाया जातं ते त्याला तोंडपाठ. काठांचे कापलेले तुकडे, गुंता झालेली बॉबिनं, झाडून काढलेला कापसाचा मऊ कोंडा. "दाजी, पोतं पोतं पडलंय. वर भरून टाकू. फुकटात एसी होतोय बघा," तो म्हणाला. डोकं त्याचं बरोबर चाललं होतं. कापूस उष्णता अडवतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून बसते आणि अडकलेली हवा उष्णता लवकर पुढे देत नाही. परदेशात घराच्या वरच्या माळ्यावर ग्लास वूलची, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी घालतात ती याच कारणानं. आम्ही फक्त काचेच्या जागी सोलापुरी सूत घातलं.

एका रविवारी अकरा पोती वर गेली. मेव्हणा शिडीवर, मी सिलिंगच्या झडपेतून कमरेपर्यंत आत. वायर मध्ये मध्ये येत होती. पोकळीत ती झोळीसारखी लोंबत होती, त्यामुळे सूत नीट बसेना. मी ती हातानं खाली दाबली, सिलिंगच्या पाठीवर सरळ केली आणि वरून वीत-दीड वीत सूत पसरलं. लेकराला पांघरूण घालावं तसं, सगळीकडून खोचून. हे मी स्वतःच्या हातानं केलं. पुढे ज्याला त्याला दोष द्यावा असं मला वाटत होतं, त्या सगळ्यांच्या आधी माझा हात आहे.

गुण आला. भर दुपारी खोलीतला पारा चार-पाच अंशांनी खाली. मी शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर तेच सांगत होतो, आणि दोघांनी मेव्हण्याचा नंबरही घेतला.

तेव्हा त्या वायरीवर एक पंखा, दोन ट्यूब आणि एक कूलर होता. सगळं मिळून तीनशे-साडेतीनशे वॅट, म्हणजे दीड अँपिअर. दोन वर्षांनी दीड टनाचा एसी आला. बसवायला आलेल्या पोरानं भिंतीतला पॉइंट पाहिला, त्याला मोठं सॉकेट बसवलं, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सोळा अँपिअरचा टाकला आणि चहा पिऊन गेला. वायर कुठली आहे, कुठून येते, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

डाग पाहायला जे आले ते आमच्या भागातले जुने वायरमन. त्यांना सगळे मामा म्हणतात. वय सत्तरीपुढे. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात उमेदवारी केली, मिल बंद पडल्यावर घरोघरची कामं धरली. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. त्यांनी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, वर काय भरलाव?"

मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खाली जाऊन आधी मेन पाडला, टेस्टर लावून दोनदा खात्री केली आणि मग शिडी लावली. झडपेतून हात घालून सुताचा एक पुंजका काढला, माझ्या हातात दिला. सूत वरून पांढरं होतं, आतून पिवळं, आणि जिथं ते वायरीला टेकलं होतं तिथं टोस्टच्या कडेसारखं खरपूस. आईचा मासळीचा वास आता मलाही आला. तापलेल्या सॉकेट-होल्डरच्या प्लास्टिकला असाच वास येतो, हे मला मामांकडून कळलं. आईला ते न सांगताच कळलं होतं.

मग त्यांनी वायरीचा हातभर तुकडा कापून खाली दिला. लाल वायर होती, आता तिचा रंग वाळलेल्या मिरचीसारखा झालेला. मी सहज वाकवून पाहिली. नवी वायर दोरीसारखी वळते. ही कडक भाकरीसारखी कट्‌कन मोडली. तांबं नाही, वरचं आवरण. चिरेतून तांब्याची तार दिसत होती, काळवंडलेली. आमच्या डोक्यावर, कापसात, अशी उघडी तार किती दिवस होती कोण जाणे. दुसरी तार तिला समांतर, बोटभर अंतरावर. त्या दोघी कुठं टेकल्या असत्या तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

"दीडची आहे ही," मामा म्हणाले. "पंख्याची वायर. तिच्यावर एसी चालवलाव?"

दीडची म्हणजे आतल्या तारेचा छेद दीड चौरस मिलिमीटर असलेली. मी वरमून म्हणालो, "पण मामा, एमसीबी पडला नाही एकदाही." त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी वर्गात सांगतो हल्ली. "एमसीबी खाली डब्यात बसलाय. त्याला किती करंट चाललाय तेवढं कळतंय. वर कुणी गोधडी घातली, ते त्याला काय कळणार?"

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ते स्वतःच्या घराला लावून पाहायचं होतं.

तारेतून वीज वाहताना तार तापते. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जूलनं १८४०च्या दशकात दाखवून दिलेला नियम, नववी-दहावीच्या पुस्तकात असतोच. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आमचा करंट दीड अँपिअरवरून कुठं गेला होता? एसीचे साडेसात, मुलगी त्याच खोलीत इस्त्री करायची तिचे चार-सव्वाचार, पंखा-कूलर मिळून एक-दीड. साधारण तेरा. म्हणजे आठ-नऊ पटीनं करंट, आणि त्याच्या वर्गानं, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर पटीनं उष्णता.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायलो.

दीडच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. गणित मांडलं तर तेरा अँपिअरला एका तारेत मीटरमागे दोन वॅट, जाणारी-येणारी मिळून चार. तार तापली की रोध आणखी वाढतो, म्हणजे साडेचार-पाच धरा. वर पुरलेली वायर साडेपाच-सहा मीटर. एकूण पंचवीस वॅट. पूर्वी संडास-न्हाणीत पंचवीसचा पिवळा बल्ब असायचा, आठवतो? तो पेटता बल्ब उशीत खुपसून, उशी गादीखाली ठेवून, गादीवर झोपायला कुणी तयार होईल? आमचा बल्ब सहा मीटर लांब पसरलेला होता, म्हणून एका जागी तेवढा तापला नाही. आणि दिसत नव्हता, म्हणून आम्ही त्याच्याखाली झोपलो.

हीच वायर आजोबांच्या तुळईवर असती तर ती पंचवीस वॅट हवेत निघून गेली असती. वायर सुरक्षित आहे की नाही, हे नुसत्या वायरीच्या जाडीवर ठरत नाही. ती तिची ऊब कुठं टाकते, यावर ठरतं. आपण चादरीला गरम म्हणतो. पण चादर स्वतः गरम नसते. थंडीत ती आपली ऊब आत कोंडते; आणि लग्नाच्या मांडवात बर्फाच्या लाद्या आणल्या की त्यांच्यावर भुसा आणि गोणपाट टाकतात, तेव्हा तेच पांघरूण बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. त्याला दिशा कळत नाही. मी सूत भरताना फक्त उन्हाचा विचार केला होता. ऊब खालूनही, पांघरुणाच्या आतूनही निघू शकते, हे डोक्यातच आलं नाही. सोलापूरकराला उष्णता म्हटली की ती वरूनच येते.

घरात वापरतात त्या साध्या पीव्हीसी वायरीला, म्हणजे आपल्याकडच्या आयएस ६९४ या मानकाची जी असते तिला, आतली तार ७० अंशांपर्यंत तापलेली चालते. त्यापुढे आवरण लगेच वितळत नाही, पण त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं. इंजिनिअर लोक ढोबळ हिशेब सांगतात तो असा की दर आठ-दहा अंशांनी आयुष्य निम्मं. आता हे ७० कशावर मोजायचे? बाहेर ३० अंश असले तर तारेला स्वतःच्या तापण्यासाठी ४० अंश शिल्लक. आमच्या पोकळीत मी नंतर थर्मामीटर सोडून पाहिला, दुपारी तीनला ५४. म्हणजे शिल्लक फक्त १६. विजेचा खटका दाबायच्या आधीच तिचा बहुतेक खिसा उन्हानं रिकामा केलेला.

ब्रिटनमध्ये घराघरांत माळ्यावर गाद्या घातलेल्या असतात, त्यामुळे तिथल्या वायरिंगच्या नियमपुस्तकात, बीएस ७६७१ मध्ये, याची सरळ कोष्टकं आहेत. दीडची चपटी पीव्हीसी वायर भिंतीवर उघडी ठोकली तर २० अँपिअर नेते. सिलिंगवर पडलेली, आणि वरून १०० मिलिमीटरपर्यंत गादी, तर १६. गादी त्याहून जाड असेल तर १३. आणि चारही बाजूंनी गादीत गुरफटलेली असेल तर १०, बरोबर निम्मे. अर्धा मीटर जरी अशी पूर्ण वेढली गेली तरी निम्मेच धरा, असा तिथला दंडक. आणि हे सगळे आकडे भोवताली ३० अंश धरून आहेत. भोवताल ५५ असेल तर आणखी ०.६१ नं गुणायचं. आमची वायर सुतात सगळीकडून खोचलेली, म्हणून १० गुणिले ०.६१. आमच्या वायरीची खरी ताकद सहा अँपिअर होती. आम्ही तिच्यातून तेरा नेत होतो, आणि खाली सोळाचा एमसीबी पहारा देत होता. सोळाचा एमसीबी अठरा अँपिअरपर्यंत तासभर पडतच नाही. तसं तो पडावा अशी अपेक्षाही नाही. पहारेकऱ्याला चोर कोण हेच सांगितलेलं नव्हतं.

"वायर एफआर आहे की," मेव्हणा फोनवर म्हणाला. हा गैरसमज फार पसरलेला आहे. एफआर म्हणजे आग लागली तर ती वायरीवरून पुढे पळत जाऊ नये, एवढंच. तापायची मर्यादा साध्या वायरीचीच. तसंच ग्लास वूलचं. ते पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. आमचं सूत पेटलं असतं, ग्लास वूल पेटलं नसतं, हा फरक मोठाच आहे. पण वायरीच्या दृष्टीनं दोन्ही पांघरुणंच.

दुसऱ्या दिवशी मामांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका कोपऱ्यात वायर सुताच्या वर, पत्र्याला चिकटवलेल्या थर्माकोलला टेकून गेली होती. तिथं सूत नव्हतंच. तरी तिचं आवरण तसंच कडक, आणि थर्माकोलमध्ये तिच्या आकाराची नाळ पडलेली, जशी मेणात बोटानं रेघ ओढावी. नाळेच्या कडा हाताला चिकट. पीव्हीसी मुळात कडक असतं. वायर लवचीक व्हावी म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात. थर्माकोल वर्षानुवर्षं टेकून राहिला की ते द्रव्य त्याच्यात उतरतं. थर्माकोल त्यानं विरघळल्यासारखा आक्रसतो आणि वायर वाळत जाते. करंट नसला तरी हे होतं, उष्म्यानं आणखी लवकर. मामांना यातलं रसायन माहीत नव्हतं. "थर्माकोल वायरचं तेल पितो," एवढंच ते म्हणाले, आणि त्यात चूक काहीच नाही.

या दोन गोष्टींना इंग्रजीत एकच शब्द आहे, इन्सुलेशन. उन्हाचं इन्सुलेशन आणि विजेचं इन्सुलेशन. आमच्या घरात एकानं दुसऱ्याला खाल्लं.

मेव्हण्यानं हार मानली नव्हती. सूत नको तर चांदीचा कागद लावू, त्याच्या कारखान्याच्या शेडला लावलाय तसा, असा त्याचा पुढचा प्रस्ताव. फॉइल चांगली असते, ऊन परतवते, वजन नाही. पण तोवर मी वाचायला लागलो होतो आणि ऑस्ट्रेलियाची गोष्ट समोर आली होती. २००९ मध्ये तिथल्या सरकारनं मंदीत रोजगार मिळावा म्हणून घरांच्या छतांत इन्सुलेशन भरून द्यायची योजना काढली. दहा लाखांहून जास्त घरं झाली. काम करायला नवखी पोरं. चार जण गेले. तिघं विजेच्या धक्क्यानं, एक जण छताखालच्या उष्म्यानं. काही ठिकाणी फॉइल धातूच्या पिना मारून ठोकत होते, आणि पीन आरपार वायरीत गेली की सगळी फॉइलच जिवंत. घरांना आगीही लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली, पुढे २०१४ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्या चौथ्या पोराचं मला जास्त वाटलं. छताखालचा उष्मा म्हणजे काय, ते आमच्या झडपेतून कमरेपर्यंत आत गेलेल्या माणसाला कळतं.

मी मेव्हण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही लई वाचताव."

दुरुस्तीला चार दिवस लागले. सूत सगळं काढलं. एसीला मीटरपासून वेगळी चारची वायर आली, तिचा वेगळा एमसीबी आला. पंख्या-दिव्यांच्या वायरी पोकळीतून काढून भिंतीवरून, सिलिंगच्या खालून, प्लास्टिकच्या पट्टीतून नेल्या. मेनला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की वीज तोडणारा खटका, बसवला. थर्माकोलला वायर कुठंही टेकत नाही हे मामांनी स्वतः बॅटरी मारून पाहिलं. इन्सुलेशन नकोच, असं मात्र ते म्हणाले नाहीत. घाला, पण वायर त्याच्या वर किंवा खाली, मोकळी राहू द्या. पुरावीच लागली तर मोठी घ्या. आत जोड ठेवू नका. सिलिंगमधल्या त्या गोल दिव्यांच्या पाठीवर काही टाकू नका, एलईडीलाही पाठ असते. आणि पुढचा माणूस वर चढेल त्याला खाली वायर कुठं आहे ते दिसलं पाहिजे. पत्र्यावर आम्ही पांढरा रंग मारला, चुन्यापेक्षा टिकणारा. खोली पूर्वीइतकी गार नाही. अंशा-दोन अंशांचा फरक पडलाय.

बायकोला पट्ट्या आवडल्या नाहीत. एवढा खर्च करून भिंतीवर नळ्या, असं ती आल्यागेल्याला सांगते. आई मात्र एकदा पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, "जुन्या घरासारखं झालं." दर मे महिन्यात दुपारी मी त्या पट्टीला तळहात लावून पाहतो. कोमट असते.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे, जुळे सोलापुरात, वास्तुशांतीला गेलो होतो. सुंदर घर. वरच्या मजल्यावर तीन पायऱ्यांचं सिलिंग, त्यात चोवीस गोल दिवे, दोन एसी, आणि बाहेर ४२ अंश असताना आत शाल घ्यावी असा गारवा. सगळे वर बघून वा वा करत होते. मी विचारलं, "वर काय भरलंय?"

"काय की," तो म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टरनं भरलंय काहीतरी. ताट घ्या की, मास्तर."

मी ताट घेतलं. शेंगाची चटणी चांगली होती. जेवताना तीनदा वर पाहिलं, आणि प्रत्येक वेळी हुंगलंसुद्धा. मला काही आलं नाही. आईला घेऊन जायला हवं होतं.